चहा प्यायला चला, म्हणजे जेवायला चला

वस्तीत सकाळी गृहभेटीला गेलं की आपण एकमेकींना पहिला प्रश्न विचारतो, "चहा झाला का?" जेवलीस का, असं विचारायला जीभ अडखळते. उत्तर 'नाही' आलं तर पुढे काय करायचं, हे कुणालाच माहीत नसतं. चहाचं तसं नाही. तो सगळ्यांचाच झालेला असतो.

गेल्या पावसाळ्यात आरोग्य शिबिरात एक बाई आमच्यासमोर बसली. वय चौतीस, दोन मुलं, चार घरची धुणीभांडी. चक्कर येते, जिना चढताना धाप लागते, माती खावीशी वाटते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८. तिला विचारलं, दिवसभरात काय खातेस? ती म्हणाली, "पाचला उठले की चहा. मग पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी चहा. दुपारी घरी आले की चहा-पाव. संध्याकाळच्या दोन्ही घरी चहा. रात्री मात्र जेवते हो." आम्ही मोजलं. सहा कप आणि एक जेवण. भूक लागत नाही का, यावर तिचं उत्तर होतं, "चहानं मरते ना."

भूक मारायला चहा. नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात उभं राहिल्यावर नाइट ड्युटीला आम्हीही हेच केलं. रात्री दोन वाजता वॉर्डबॉय किटली घेऊन यायचा आणि सकाळी आठपर्यंत त्यावर चालायचं. म्हणून त्या बाईला रागावण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण तिच्याकडे बघताना हाँगकाँगमधली दोन चहाघरं सारखी आठवत राहिली. आज त्यांच्याविषयी लिहितो आहोत.

काही वर्षांपूर्वी घरकामगार आणि आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या बायकांच्या एका बैठकीसाठी आम्ही चौघी हाँगकाँगला गेलो होतो. तिथे एक शब्द पहिल्याच दिवशी कानावर पडला, 'यम चा'. कँटोनी भाषेत त्याचा सरळ अर्थ 'चहा पिणे'. पण कुणी "चला, यम चा करू" म्हणालं, तर ते तुम्हाला खायला बोलावतात. चहासोबत जे छोटे छोटे पदार्थ येतात त्यांना डिम सम म्हणतात. 'काळजाला हात लावणारं' असा काहीसा त्या शब्दाचा अर्थ लावला जातो. चहा प्यायला या असं सांगून उपाशी परत पाठवणं तिथल्या माणसाला शोभत नाही. एकच वाक्य आपल्या वस्तीतही आहे आणि तिथेही, पण आपल्याकडे त्यानं भूक झाकली जाते आणि तिकडे भागते.

बैठक संपली त्या रविवारी आम्ही हाँगकाँग पार्कमधल्या 'लॉक चा' नावाच्या चहाघरात गेलो. हे चहाघर शाकाहारी डिम समसाठी प्रसिद्ध होतं. जाताना सेंट्रल भागातून चालत गेलो. रविवारी तिथला चेटर रोड गाड्यांना बंद असतो आणि त्या रस्त्यावर, पुलांखाली, मोठमोठ्या बँकांच्या पायऱ्यांशी हजारो फिलिपिनो आणि इंडोनेशियन बायका पुठ्ठे अंथरून बसलेल्या असतात. या शहरात परदेशातून आलेल्या तीन लाखांहून अधिक घरकामगार आहेत. त्या मालकाच्याच घरी राहतात, आठवड्यात एक सुट्टी, आणि त्या सुट्टीला बसायला स्वतःची जागा नाही. डब्यातला भात वाटून खात, एकमेकींचे केस विंचरत त्या बसल्या होत्या. आमच्यातली सर्वांत वडील, जिला आम्ही मावशी म्हणतो, तिथे थांबलीच. तिनं चाळीस वर्षं घरकाम केलं आहे. म्हणाली, "आपण चहाघरात बसणार आणि ह्या रस्त्यावर?" उत्तर आमच्याकडे नव्हतं. अजूनही नाही. पण ते दृश्य वगळून चहाघराचं कौतुक लिहिलं तर ते खोटं होईल.

बागेत फ्लॅगस्टाफ हाऊस नावाचा पांढरा, खांबांचा बंगला आहे. १८४६चा. इथे ब्रिटिश फौजेचा सेनापती राहायचा. आता त्यात चहाच्या भांड्यांचं संग्रहालय आहे, १९८४ पासून. गंमत बघा. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता आणि त्याची किंमत चुकवायला त्यांनी चिनी माणसाला अफू विकली. त्यातली बरीचशी माळव्याची, आपल्या मुंबई बंदरातून जहाजानं गेलेली. मुंबईतले कितीतरी शेठ त्यावर मोठे झाले. चीननं अफू अडवली तेव्हा युद्ध झालं आणि १८४२च्या तहात हाँगकाँग इंग्रजांच्या पदरात पडलं. पुढे इंग्रजांनी आसामात चहाचे मळे लावले, तिथे राबायला आदिवासींना नेलं आणि उरलासुरला चुरा आपल्याला प्यायला शिकवला. आपली भुकटी ती हीच. दूध-साखर घालून उकळल्याशिवाय ती घशाखाली उतरत नाही, कारण ती मुळातच कडक आणि कडू असते.

चहाघर संग्रहालयाच्या शेजारच्या इमारतीत होतं. काळसर लाकडाची टेबलं, कोरीव जाळ्या, भिंतीवर अक्षरचित्रं. चहाची यादी हातात आली आणि चौघींनाही काही उमजेना. वाढणाऱ्या मुलीनं हसत हसत समजावलं. हिरवा चहा, अर्धवट आंबवलेला ऊलाँग, जुना साठवलेला पु-अर. आम्ही पु-अर घेतला. तळहातावर मावेल एवढी किटली, आणि कप तर आपल्या पोलिओच्या थेंबांच्या बाटलीपेक्षा थोडाच मोठा. मुलीनं पानांवर गरम पाणी ओतलं आणि ते पहिलं पाणी टाकून दिलं. पानं धुऊन घेतात म्हणे. दुसऱ्या पाण्याचा चहा दिला. त्याच पानांवर पुन्हा पाणी, पुन्हा पाणी. एका किटलीवर चौघींचा तास-दीड तास गेला.

मावशीनं साखर मागितली. मुलीला कळेना. आम्ही खुणा केल्या तेव्हा ती ओशाळून म्हणाली, नाही. दूधही नाही. पहिला घोट मावशीला ओल्या मातीसारखा लागला. तिसऱ्या कपाला ती काही बोलली नाही, आणि पाचव्या कपाला तिनं स्वतःच किटली उचलून आम्हा सगळ्यांना वाढलं.

मग बांबूच्या छोट्या झाकणाच्या टोपल्या यायला लागल्या, वाफाळत. डिम सम म्हणजे फार परकं काहीतरी असेल अशी आमची समजूत होती. 'चायनीज' म्हणजे आपल्या नाक्यावरची गाडी, लाल रंग, शेजवान चटणी आणि जळका धूर, हेच आपल्याला माहीत. त्यातलं इथे काहीच नव्हतं. उकडीच्या मोदकासारखी पारी, आत बारीक चिरलेली आळिंबी आणि गाजर. पारी इतकी पारदर्शक की आतला हिरवा पाला दिसावा. ती कशाची म्हणून विचारलं, तर गव्हाच्या सत्त्वाची. म्हणजे आपण कुरडयांना गहू भिजवून, वाटून, चोथा काढून जो चीक करतो, तोच! आमच्या आज्या उन्हाळ्यात अंगणात जे करायच्या, ते इथे कोरीव जाळीखाली, बांबूच्या टोपलीत. मुळा किसून, तांदळाच्या पिठात घालून वाफवलेल्या आणि मग परतलेल्या वड्या होत्या, आपल्या कोथिंबीर वडीच्या चुलत बहिणी. तांदळाच्या पातळ घावनाच्या सुरळ्या होत्या. सोयाबीनच्या दुधावर येणारी साय वाळवून तिच्यात भाज्या गुंडाळलेल्या होत्या. फारसं तळलेलं नाही, बहुतेक वाफेवरचं. पोट भरलं आणि जड झालं नाही. बिल मात्र जड होतं. तेवढ्या पैशात चेटर रोडवरच्या बायकांचा आठवड्याचा बाजार झाला असता.

आता शाकाहाराविषयी. आमच्या वाचकांना हा शब्द ऐकला की खटकतं आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे शाकाहार ताटात नसतो, उतरंडीत असतो. घर भाड्यानं मागायला गेलो की 'व्हेज आहात ना?' असं विचारतात, त्यात आहाराची चौकशी किती आणि जातीची किती, हे आपल्याला चांगलं कळतं. चिनी बौद्धांचा शाकाहार वेगळ्या वाटेनं आला. सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या वू सम्राटानं भिक्खूंनी मांस आणि मद्य सोडावं म्हणून जोर लावला आणि तिथल्या विहारांमध्ये ती रीत पक्की झाली. श्रीलंका, म्यानमार, थायलंडचे भिक्खू मात्र दानात आलेलं मांस घेतात. म्हणजे बौद्ध माणूस शाकाहारीच असला पाहिजे, असा सगळ्या बौद्ध जगाचा नियम नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेकडे आंधळा नियम म्हणून पाहिलेलं नाही. मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत त्यांनी फरक केला आहे. कडक चिनी बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही चालत नाही, हे कळलं तेव्हा आमच्या कपाळाला आठी पडली, हे कबूल करतो. पण त्या टेबलावर एक गोष्ट नाकारता येत नव्हती. त्यांनी मांस काढलं तेव्हा त्या जागी सोयाबीन ठेवलं, आळिंबी ठेवली. आपल्याकडे मांस-अंडी काढा म्हणणारे त्या जागी बटाटा ठेवतात. वडापाव शाकाहारी आहे, चहा-खारी शाकाहारी आहे, साबुदाण्याची खिचडी शाकाहारी आहे. त्यात बाळाच्या वाढीला लागणारी प्रथिनं किती? शाळेच्या ताटातून अंडं काढायला सांगणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

ज्या इमारतीत आम्ही चहा पीत होतो तिला के. एस. लो यांचं नाव आहे. त्यांनी आयुष्यभर जमवलेली चहाची भांडी संग्रहालयाला दिली, म्हणून १९९५ साली हे दालन उभं राहिलं. पण आमच्यासारख्या नर्सला हा माणूस भांड्यांमुळे आवडला नाही. १९३०च्या दशकात व्यापाराच्या कामानिमित्त चीनमध्ये असताना त्यांनी एक भाषण ऐकलं. सोयाबीन ही चीनची गाय आहे, असा त्याचा विषय होता. पुढे जपानी आक्रमणातून पळालेले हजारो निर्वासित हाँगकाँगला आले. भुकेनं खंगलेले, बेरीबेरीनं पाय सुजलेले. गाईचं दूध गरिबाला परवडणारं नव्हतं. लो यांनी सोयाबीनचं दूध करायला घेतलं आणि १९४० साली विटासॉय नावाचा कारखाना काढला. बाटल्या सायकलवरून घरोघर पोचवायचे. पहिल्या दिवशी नऊ बाटल्या खपल्या. ती कंपनी आज खूप मोठी आहे आणि तिच्या सगळ्या डब्यांतली साखर काही आम्हाला मान्य नाही. पण सुरुवात आजारी निर्वासितांच्या पोटापासून झाली होती.

आणि सोयाबीन पिकतं कुठे? आपल्या लातुरात, अमरावतीत, यवतमाळ-वाशीमला. आपलेच भाऊबंद ते काढायला मजुरीला जातात. त्याचं तेल निघतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये छत्तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तूरडाळीत बावीसच्या आसपास. सोयाबीन कच्चं खायचं नाही, कच्च्यातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. रात्रभर भिजवून, कुकरला नीट शिजवून उसळ करा, नाहीतर भाजून गव्हासोबत दळा, दहा किलोला एक किलो. वाण्याकडच्या सोया वड्याही चालतील, त्या स्वस्त पडतात आणि मुलं खिम्यासारख्या खातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या विमानाआधी बैठकीतल्या एका स्थानिक कार्यकर्तीनं आम्हाला कौलूनमधल्या साध्या चहाघरात नेलं. इथे कोरीव काम नव्हतं. ट्यूबलाइट, गोल टेबलं, कलकलाट, सत्तरी-ऐंशीतली माणसं वर्तमानपत्रं पसरून बसलेली. जागा मिळेल तिथे बसायचं, अनोळखी माणसांच्या टेबलावर. परवानगी नाही, चौकशी नाही. त्याला तिथे काही विशेष मानत नाहीत.

बसलो तोच वाढप्यानं आमच्यासमोर कप, वाट्या, चॉपस्टिक आणि एक मोठा रिकामा वाडगा ठेवला. आमच्या सोबतिणीनं खूण केली, आधी कप धुवा. मावशीचा चेहरा उतरला. तिचा हात टेबलाखाली गेला. आम्हाला लगेच समजलं. तिच्या माहेरच्या गावच्या हॉटेलात आपल्या माणसांचे कप बाहेर खुंटीला टांगलेले असायचे. चहा वरून ओतायचे, पिऊन झाल्यावर आपला कप आपण धुऊन पुन्हा टांगायचा. लहानपणी बापासोबत ती बाहेरच्या दगडावर बसून चहा प्यायची. मुंबईत आल्यावर ज्यांच्याकडे काम केलं त्या घरांतही तिचा कप वेगळा, सिंकखाली, कान तुटलेला. आणि आता विमानानं एवढ्या लांब येऊन पुन्हा कप धुवा?

तेवढ्यात समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं आपल्या किटलीतला गरम चहा स्वतःच्या वाटीत ओतला, त्यात कप फिरवला, चॉपस्टिक बुडवल्या आणि ते पाणी त्या वाडग्यात टाकलं. शेजारच्या टेबलावर सूट घातलेला माणूस तेच करत होता. पलीकडे एक आजी नातवाची वाटी धुत होती. सगळेच धुत होते. मावशीनं बराच वेळ बघितलं. मग तिनं हात वर घेतले. आमची किटली अजून यायची होती, तर त्या म्हाताऱ्यानं आपल्या किटलीतून तिच्या कपात चहा ओतला, आधी तिच्या, मग आमच्या, शेवटी स्वतःच्या. सोबतिणीनं शिकवलं, दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचं, म्हणजे आभार. एक सम्राट वेश पालटून फिरत असताना त्यानं नोकराच्या कपात चहा ओतला आणि नोकराला गुडघे टेकता येईनात म्हणून त्यानं बोटं टेकली, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी कुणास ठाऊक. मावशीनं टकटक केलं. म्हातारा हसला. त्याचं नाव आम्हाला कळलं नाही, आमचं त्याला कळलं नाही. आडनावही कुणी विचारलं नाही.

हे सगळं आरोग्याच्या पानावर कशाला, असं वाटेल. या चहाघरांचं मूळ हमालांच्या चहात आहे, म्हणून. एकोणिसाव्या शतकात ग्वांगझूमध्ये रस्त्याकडेच्या छपराखाली लाकडी बाकांवर कष्टकऱ्यांना अगदी नाममात्र पैशात चहा आणि सोबत पोटभरीचं काही मिळायचं. त्या दुकानांना त्या क्षुल्लक किमतीवरूनच नाव पडलं होतं. 'एक कप, दोन नग' असा एक जुना वाक्प्रचारही आहे, म्हणजे चहासोबत किमान दोन पदार्थ. कामावर जाणाऱ्या मजुरानं नुसत्या चहावर जायचं नाही, हे त्या टपऱ्यांनी गृहीत धरलं होतं. आपल्या नाक्यावरच्या टपरीनं उलटं गृहीत धरलं आहे.

त्या साध्या चहाघरात आम्ही शाकाहारी राहिलो नाही. डुकराच्या मांसाचं, कोळंबीचं डिम सम खाल्लं. काळ्या सोयाबीनच्या चटणीत वाफवलेले कोंबडीचे पायही खाल्ले. आपल्याकडे कोंबडीचे पाय, वजडी, मुंडी खाणाऱ्याला नाकं मुरडतात. तिथे सूटवाले ते चवीनं चोखत होते.

आता नर्स म्हणून जे सांगायचं ते. चहाघराचं इतकं कौतुक केल्यावर सांगायला जड जातं, पण चहा आणि जेवण एकत्र घेणं आपल्या बायकांसाठी चांगलं नाही. चहातली तुरट द्रव्यं पालेभाजी, डाळ, बाजरीतल्या लोहाला पकडून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. जेवणासोबत चहा घेतला तर अंगी लागणारं लोह निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. हिरवा चहा असो, पु-अर असो की आपली भुकटी, ही गोष्ट टळत नाही. मटण-कलेजीतल्या लोहाला चहाचा अडथळा तितका होत नाही. पण आपल्या घरात कलेजी आठवड्यातून एकदा आणि तीही आधी पुरुषांच्या ताटात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. दर दोन बायकांत एक. सगळा दोष चहाचा नाही, कमी जेवण, जंत, लागोपाठची बाळंतपणं हेही आहे. पण चहा हा त्यातला आपल्याला आजच्या आज हलवता येईल असा दगड आहे.

म्हणून आधी खा, चहा तासाभरानं घ्या. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी तर चहासोबत कधीच नको. लिंबू-पाण्यासोबत घ्या, आंबटानं लोह चांगलं शोषलं जातं. रक्त बारापेक्षा कमी, गरोदर असाल तर अकरापेक्षा कमी निघालं, तर नुसत्या गूळ-शेंगदाण्यावर विसंबू नका, दवाखान्यात जा.

साखरेचं गणित त्या बाईसोबत केलं तेव्हा तीच दचकली. एका कपाला दोन चमचे, सहा कपांना बारा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण सहा चमच्यांच्या आत राहिलेलं बरं म्हणते, तेही सगळ्या पदार्थांतली वरची साखर धरून. एकदम बंद करा असं आम्ही सांगत नाही. मावशीला पाच कप लागले, आपल्याला पाच आठवडे लागतील. दर आठवड्याला थोडी कमी करत चला. कप लहान करा. आणि कृपा करून बाळाला चहात बुडवलेलं बिस्किट देऊ नका. दोन वर्षांच्या मुलाचं पोट मुठीएवढं, ते चहानं भरलं की वरण-भात, अंडं जाणार कुठे?

यावर कुणी म्हणेल, मग ग्रीन टीची पुडी आणू का? नको. वजन उतरतं, शुगर जाते, रक्त शुद्ध होतं, असली जाहिरात वाचून दोनशे रुपये घालवू नका. तेवढ्यात बरीच अंडी येतात. त्या म्हाताऱ्याला चहानं तरतरी आली असेलच. पण रोज सकाळी कपडे घालून, जिना उतरून, चार माणसांत येऊन बसणं, काही गरम खाणं, वर्तमानपत्रावर वाद घालणं, हे औषध कुठल्या पुडीत मिळतं? आपल्या वस्तीतले म्हातारे दिवसभर खाटेवर पडून असतात आणि आपण त्यांना दर दोन तासांनी चहा देऊन कर्तव्य केल्याचं समाधान मानतो.

परत आल्यावर आम्ही विहारात बोललो. दर रविवारी वंदनेनंतर चहा होतोच, दानातून. तो आधी न देता हरभऱ्याची नाहीतर सोयाबीनची उसळ द्यायची, वर लिंबू पिळून, आणि चहा प्रवचन-चर्चा संपल्यावर, तासाभरानं. पहिल्या रविवारी पुरुष मंडळी कुरकुरली. एक काका उठून नाक्यावर जाऊन चहा पिऊन आले. तिसऱ्या रविवारपासून उसळ कमी पडायला लागली. वाढायला आता म्हातारी माणसं पुढे असतात आणि ज्यानं खाल्लं त्यानं आपली ताटली धुवायची, मग तो समितीचा अध्यक्ष का असेना. हा नियम मावशीनं घातला. विरोध करायची कुणाची हिंमत झाली नाही.

ती चौतीस वर्षांची बाईही येते. गोळ्या नियमित घेते, चहा तीन कपांवर आणला आहे. चार महिन्यांनी तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ होतं. गेल्या रविवारी उसळ खाता खाता तिनं सांगितलं, "चौथ्या घरच्या बाईला म्हटलं, मला चहा नको, सकाळची चपाती-भाजी असेल तर द्या. आणि कप तो सिंकखालचा नको."

"मग काय म्हणाली?"

"बघते म्हणाली."